निघणार नाही म्हणजे नाही

मामांनी त्यांची गाडी मला दिली तेव्हा गाडीबरोबर तीन गोष्टी दिल्या. एक जादा किल्ली, डिकीतली लांबलचक दोरी आणि मागच्या काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दलची खात्री. "भाच्या, इंजिन जाईल, टायर जातील, उद्या मीही जाईन," मामा काचेवर बोट वाजवत म्हणाले होते, "पण ही फिल्म निघणार नाही म्हणजे नाही. स्वतः उन्हात उभा राहून बसवून घेतलीय." किल्ली मी पहिल्याच वर्षी हरवली. दोरी कुणीतरी 'आत्ता आणून देतो' म्हणून नेली. मामांचा शब्द मात्र खरा ठरला. किती खरा, ते कळायला मला पाच रविवार लागले.

सुरुवात एका फुग्याने झाली. काचेच्या मधोमध, हरभऱ्याच्या दाण्याएवढा फुगा. मी तो अंगठ्याने दाबला. तो बोटभर शेजारी सरकला. तिथे दाबला तर त्याचे दोन झाले. तेव्हाच हात आवरता घ्यायला हवा होता, पण माणसाला फुगा दिसला की तो दाबल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काचेला कांजिण्या आल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फुग्यांनी एकमेकांशी हातमिळवणी करून मोठमोठे फुगारे केले, आणि कडेच्या एका कोपऱ्यातून फिल्म स्वतःहून सुटून वाऱ्यावर फडफडू लागली. खिडकी उघडून गाडी चालवली की मागे कुणीतरी वही चाळत बसल्यासारखा आवाज यायचा.

त्यात रंग. मामांच्या काळात ती फिल्म म्हणे कोळशासारखी काळी होती. माझ्याकडे येईपर्यंत ती जांभळी झाली होती. याचं कारण साधं आहे. स्वस्तातल्या फिल्मचा काळा रंग हा एक रंग नसतोच. दोन-तीन रंग मिसळून तो काळा भासवलेला असतो. ऊन या रंगांना सारख्या वेगाने खात नाही. एक आधी उडतो, दुसरा नंतर, आणि चिवट रंग शेवटपर्यंत टिकतात, ते मिळून जांभळे दिसतात. म्हणजे काळ्यात जांभळा पहिल्यापासून होताच, बाकीचे निघून गेल्यावर तो उघडा पडला. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ साली क्विनीन बनवायला जाऊन चुकून जांभळा रंग बनवला आणि तो विकून श्रीमंत झाला. माझ्याकडे तो आयता आला होता, पण मला त्याचं काही करता आलं नाही.

तर मागची दुनिया जांभळी, आणि फुग्यांमुळे वाकडी. आरशात पाहिलं की मागून येणारा ट्रक पाण्याखालून पोहत येतोय असं वाटायचं. रात्री एका दिव्याचे चार दिवे दिसायचे. मला सवय झाली होती. सवय माणसाला कशाचीही होते, पण पार्किंगमधल्या खांबाला माझी सवय नव्हती. रिव्हर्स घेताना मी त्याच्यावर जाऊन अलगद टेकलो.

"अरे, खांब होता!" बायको म्हणाली.

"फुगा वाटला."

ती काही बोलली नाही. उतरली, बंपर पाहिला, मग काच पाहिली, मग मला पाहिलं. अशा वेळी ती बोलली तर बरं, असं वाटतं. त्या रविवारी मी फिल्म काढायला घेतली.

तयारी म्हणून व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसतमुख माणूस काचेला वाफ देतो, कोपरा नखाने उचलतो आणि साप कात टाकतो तशी अख्खी फिल्म एका ओढीत काढून हातात धरून दाखवतो. सात मिनिटांत काम तमाम. मला तेव्हाच दिसायला हवं होतं की फिल्म उचलताना त्याचा शर्ट निळा होता आणि काढून दाखवताना राखाडी. मधे किती दिवस गेले ते त्या माणसालाच ठाऊक.

मी म्हटलं, वाफ कशाला? आपली फिल्म तर आपण होऊन सुटतेय. फडफडणारा कोपरा चिमटीत धरला आणि ओढला. टर्र! बोटभर पट्टी हातात आली. पुन्हा धरला, पुन्हा टर्र. या वेळी नखाएवढा तुकडा. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही, फक्त नखाखाली जांभळा चुरा गेला. गेली तीन वर्षं जी फिल्म रोज थोडी थोडी सुटत होती, दर उन्हाळ्यात फुगत होती, जिला सोडून जायची इतकी घाई होती, ती मी 'जा' म्हणताच काचेला मिठी मारून बसली. पाहुण्यांचं असंच असतं. 'निघतो, निघतो' म्हणत तासभर दारात उभे असतात, आणि आपण चपला पुढे सरकवल्या की पुन्हा आत येऊन बसतात.

जवळून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जे निघालं होतं ती पूर्ण फिल्म नव्हतीच. फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचे पापुद्रे एकावर एक, मधे रंग आणि खाली गोंद. सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे डोक्याच्या केसाइतकी किंवा त्याहूनही कमी. मी वरचा पापुद्रा सोलला होता. खालचा पापुद्रा गोंदासकट जागच्या जागी होता, आता आणखी पातळ आणि आणखी ठिसूळ. हे पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं. ते कापड छापणाऱ्या मंडळींसाठी काम करत होते आणि त्यांच्या डोक्यात धागा होता. पुढे त्याच पदार्थाचे शर्ट झाले, पाण्याच्या बाटल्या झाल्या. शर्ट फाटतात, बाटल्या चेपतात. काचेवर चिकटवल्यावर या पदार्थाला एवढं बळ कुठून येतं, याचं उत्तर त्या दोघांकडेही नसणार.

आता थोडं आसनाबद्दल. मागची काच सपाट उभी असती तर हा लेख निम्म्यात संपला असता. पण माझी गाडी डिकीवाली, लांब शेपटाची. तिची काच तिरकी, जवळजवळ आडवी. फिल्म असते आतल्या बाजूने. काचेचा खालचा कोपरा असा अडचणीत असतो की खाली स्पीकरची फळी, वर काच, आणि दोहोंमध्ये जेमतेम तळहात जाईल एवढी फट. मागच्या सीटवर गुडघे टेकले तर डोकं छताला लागतं. उताणं झोपलं तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न, आणि काचेवरून पडेल ते थेट डोळ्यांत. मी सगळ्या पद्धतींनी झोपून, बसून, लोंबकळून पाहिलं. शेवटी सीटवर एक गुडघा, दुसरा पाय दाराबाहेर, हनुवटी फळीवर आणि डावा हात कुठे आहे हे माहीत नाही, अशी एक बैठक जमली. या अवस्थेत असताना तळमजल्यावरचे काका येऊन माझ्या दाराबाहेरच्या पायाशी बोलू लागले.

"काय, काही हरवलं का?"

"नाही काका, फिल्म काढतोय."

"ब्लेड घ्या. ब्लेडने झटक्यात निघते."

काकांचा सल्ला मनापासून होता. मी ब्लेड आणलं. काच साबणाच्या पाण्याने ओली केली, ब्लेड जवळजवळ आडवं धरलं आणि पुढे ढकललं. काय सांगू! जांभळा पापुद्रा गोंदासकट गुंडाळी होत ब्लेडवर चढत गेला. तळहाताएवढी काच लख्ख झाली. मधे एकदा 'खर्र' असा आवाज आला, पण आनंदात माणूस आवाजाकडे लक्ष देत नाही. पुन्हा एकदा 'खर्र'.

"बाबा," माझी लेक पुढच्या सीटवरून मागे वाकून बघत होती, "या काचेवर आडव्या रेघा कशाला असतात?"

हा प्रश्न तिने दहा मिनिटं आधी विचारला असता तर.

त्या रेघा म्हणजे डिफॉगर. थंडीत काचेवर धुकं धरलं की पुढचं बटण दाबायचं, रेघांमधून वीज जाते, काच तापते, धुकं उडतं. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की या तारा काचेच्या पोटात असतात, पाव आणि त्यातल्या सारणासारख्या. तसं नसतं. चांदी मिसळलेला लेप काचेच्या आतल्या बाजूला रेघांसारखा छापतात आणि भट्टीत भाजून पक्का करतात. म्हणजे त्या काचेच्या वर असतात, अगदी ज्या बाजूला फिल्म असते त्याच बाजूला. फिल्म त्यांच्यावर बसलेली. ब्लेड फिल्मखालून गेलं, तेव्हा वाटेत चांदी होती. बाजूच्या काचांवर ब्लेड चालतं, पण मागच्या काचेवर ब्लेड चालवायचं नसतं. हे त्या व्हिडिओतही सांगितलं होतं. मी तेवढा भाग पुढे ढकलला होता, कारण तिथे माणूस नुसताच बोलत होता.

ब्लेड पेटीत गेलं. काका मात्र गेले नव्हते. "मग काचच नवी टाका," ते म्हणाले. "तासाभराचं काम." मी त्यांना सांगणार होतो की एका फिल्मसाठी कुणी अख्खी काच बदलत नाही. ते सांगितलं नाही हे बरं झालं, कारण पुढच्या तीन रविवारी मी हा विचार रोज केला.

दुसरा रविवार अमोनियाचा. युक्ती ऐकायला फार शास्त्रशुद्ध आहे. काळी प्लास्टिकची पिशवी काचेच्या मापाने कापायची. काचेच्या बाहेरून साबणपाणी मारून ती चिकटवायची, म्हणजे ती ऊन शोषून काच तापवते. मग आत जाऊन फिल्मवर अमोनिया फवारायचा आणि त्यावर दुसरी पिशवी लावायची, म्हणजे तो उडून जात नाही. गाडी उन्हात लावून ठेवायची. गोंद सैल पडतो. वाचताना सगळं पटलं. वाचनात वास नसतो.

मी डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, चारी दारं सताड उघडी, सीटांवर आणि स्पीकरवर जुनी प्लास्टिकं, असा सगळा जामानिमा करून आत शिरलो. एक काळजी आणखी घेतली, ती मात्र प्रत्येकाने घ्यावी: ब्लीच असलेली साफसफाईची बाटली गाडीच्या आसपासही ठेवली नाही. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो, तिथे विनोद संपतो. नुसता अमोनियाही काही गरीब नाही. पहिल्या फवाऱ्याला मला माझं बालपण आठवलं. दुसऱ्याला ते संपूर्ण विसरलो. गॉगलच्या आत डोळ्यांतून पाणी, मास्कच्या आत नाकातून पाणी, आणि वर तिरक्या काचेवरून एक थेंब सावकाश ओघळत, फिल्मच्या कडेला क्षणभर लोंबत, नेम धरून माझ्या कॉलरच्या आत. तो मानेवरून पाठीपर्यंत कुठून कुठून गेला ते मी आजही नकाशा काढून दाखवू शकेन.

बाहेर आलो तर गाडीच्या मागच्या काचेवर काळं प्लास्टिक, चारी दारं उघडी आणि मी गॉगल-मास्क-मोज्यांत. येणारे जाणारे रस्ता बदलून चालत होते. दोन तासांनी पिशवी काढली. आता सांगायला हरकत नाही, फिल्म खरोखरच सैल झाली होती. वरच्या अर्ध्या काचेवरची दोन मोठ्या पट्ट्यांत निघाली. मी ती पट्टी त्या व्हिडिओतल्या माणसासारखी हातात धरून उभा राहिलो, पण बघायला कुणी नव्हतं. खालची अर्धी काच सावलीत होती. तिथे ऊन पोहोचलंच नव्हतं, त्यामुळे गोंदालाही काही पोहोचलं नव्हतं. गाडीचा वास आठवडाभर गेला नाही. बायको त्या आठवड्यात बसने गेली.

तिसऱ्या रविवारी वाफ. ज्या गोष्टीने सुरुवात करायची तिच्याकडे आपण नेहमी तिसऱ्या रविवारीच का येतो, हे एकदा शोधायला हवं. घरात कपड्यांना वाफ द्यायचं यंत्र होतं, हातात धरायचं. बायकोने ते देताना फक्त एवढंच विचारलं, "हे परत कपड्यांना वापरता येईल ना?" मी 'हो' म्हटलं. या 'हो'चं पुढे काय झालं ते या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

वाफेची करामत अशी की ती दोन्ही कामं करते. गोंद गरम होऊन मऊ पडतो आणि फिल्मही ठिसूळपणा सोडून लवचीक होते. हेअर ड्रायरनेही हे होतं, वेळ जास्त लागतो. हीट गनचा मोह मी टाळला. मागची काच टफन्ड असते. ती तडकत नाही, फुटली तर एकदम दाण्यादाण्यांनी फुटते, आणि एकाच जागी फार तापवून तिची परीक्षा बघण्याइतकी माझी छाती नव्हती. शिवाय काका खिडकीत होतेच.

पण वाफ देऊनही माझ्या हाताला टर्रच येत होती. अर्धा बोट, पाव बोट, टर्र. लेक शेजारी बसून बघत होती. हिच्याबद्दल एक सांगायला हवं. ही मुलगी चिकटवलेली कुठलीही गोष्ट चिकटलेली राहू देत नाही. वह्यांवरची लेबलं, बाटल्यांवरचे कागद, फ्रीजवरचे तारे, नव्या कपाटावरचा संरक्षक कागद, सगळं तिने नखाने सोललेलं आहे. त्यासाठी ती घरात सगळ्यांची बोलणी खाते. माझीही.

"असं नाही रे बाबा," ती म्हणाली. "तू तिला वर ओढतोस. वर ओढली की फाटते. तिला तिच्यावरच झोपवून ओढ."

"म्हणजे?"

तिने दाखवलं. सुटलेली कड काचेपासून लांब न ओढता उलटी दुमडून काचेलगत आणायची, जवळजवळ सपाट, आणि अगदी हळू, घड्याळाचा काटा चालतो इतक्या हळू ओढायची. मधे थांबायचं. जिथे गोंद ताणून पांढऱ्या तंतूंसारखा दिसतो, तिथे आणखी वाफ. घाई केली की तंतू तुटायच्या ऐवजी फिल्म तुटते. ती जीभ दातांत धरून ओढत होती आणि मी वाफेचं यंत्र धरून हुकूम ऐकत होतो. "इथे दे. पुरे. आता इथे. बाबा, हलू नकोस." वीतभर रुंदीची पट्टी आवाज न करता उतरत होती. नीट कान दिला तर गोंद सुटतानाचा एक बारीक ओला आवाज यायचा, दमट पापण्या उघडाव्यात तसा. फिल्मच्या मागे मूळची काच दिसू लागली, रंग नसलेली. मी तीन वर्षं तिच्यातून पाहत होतो आणि ती मला पहिल्यांदा दिसत होती.

संध्याकाळपर्यंत फिल्म निघाली. मी लेकीला त्या दिवशी शब्द दिला की यापुढे लेबलांवरून तिला कुणी काही बोलणार नाही. हा शब्द देताना मी भावनेच्या भरात होतो, ते तिला बरोबर कळलं होतं.

काम झालं असं समजून मी हात धुतले. फिल्म गेली होती. गोंद राहिला होता. दिवसा तो दिसतच नव्हता, काच स्वच्छच वाटत होती. रात्री मागच्या गाडीचा प्रकाश पडला आणि आख्खी काच गोगलगायींचं मैदान होऊन चमकली. दुसऱ्या दिवशी त्या गोंदाने धूळ धरली. तिसऱ्या दिवशी एक माशी. मी कागदाने पुसायला गेलो तर कागद चिकटला, तो ओढला तर त्याचे तंतू चिकटले, आणि काचेवर वर्तमानपत्राची अर्धी ओळ उलट्या अक्षरांत उमटून राहिली. ती बरेच दिवस होती. आरशात ती सुलटी दिसायची, सिग्नलला मी ती वाचायचो.

चौथा रविवार मग गोंदाचा. साबणपाणी, अल्कोहोल, गोंद काढायचं द्रावण, मऊ स्पंज, आणि हे सगळं रेघांच्या दिशेने, आडवं, कधीच उभं नाही, कारण उभं घासलं की पुन्हा चांदीवरून जातं. घासायचं, पुसायचं, हाताने चाचपायचं. डोळ्याला गोंद दिसत नाही, तळहाताला कळतो. सगळ्यात छळलं ते कडेच्या काळ्या पट्ट्याने. काचेच्या चारी बाजूंना भाजलेला एक काळा पट्टा असतो, काच ज्या गोंदाने गाडीला चिकटवलेली असते त्याचं उन्हापासून रक्षण करायला. या पट्ट्याची आतली कड ठिपक्याठिपक्यांची असते, आधी मोठे, मग लहान, मग नाहीसे. लांबून ती फार सुंदर दिसते. त्या प्रत्येक ठिपक्याच्या भोवती गोंदाची एक-एक कड बसलेली होती. मी जुना दात घासायचा ब्रश घेऊन ठिपके घासले. तीनशे मोजले, मग मोजणं सोडलं. मोजायला लागलो की आपण काय करतोय याची जाणीव होते.

काच लख्ख झाली. गाडी बाहेर काढली आणि लगेच लक्षात आलं की आता आपण दिसतो. मागच्या फळीवर किती पसारा होता, हे इतकी वर्षं जगापासून लपलेलं होतं: छत्री, एक मोजा, लेकीचं गणिताचं हरवलेलं पुस्तक, फ्यूज उडालेला टॉर्च. दुपारचं ऊन थेट मानेवर येऊ लागलं. रात्री मागच्या गाडीचे दिवे पुढच्या आरशातून सरळ डोळ्यांत. दोन दिवस मला फिल्मची अशी आठवण आली, की काय सांगू. बायकोने मात्र आरशात बघून सुस्कारा टाकला. "अरे, हा रस्ता इतका लांब आहे?" ती म्हणाली.

पाचवा रविवार पहिल्या धुक्याबरोबर आला. सकाळी काच पांढरी झालेली. मी ऐटीत डिफॉगरचं बटण दाबलं. पाहता पाहता रेघांच्या भोवती पट्ट्यापट्ट्यांनी काच मोकळी होत गेली. बारा रेघांपैकी अकरा. सातव्या रेघेभोवती, नेमकी आरशात डोळ्यांसमोर येते त्या उंचीवर, धुक्याची एक सरळ पांढरी पट्टी तशीच राहिली, जणू कुणीतरी वहीला समास आखून ठेवलाय. 'खर्र'चा हिशेब आला होता. नशीब इतकंच की या रेघा एकमेकींच्या मागे नव्हे, शेजारी शेजारी जोडलेल्या असतात. एक तुटली तर तेवढीच जाते, बाकीच्यांचं चालू राहतं.

तुटलेली जागा शोधायला मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, लागतो, आणि हे काम खरोखर मजेचं आहे. डिफॉगर चालू ठेवून एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं रेघेवरून हळूहळू फिरवायचं. चांगल्या रेघेवर एका टोकाला १२ व्होल्ट दिसतात आणि उतरत उतरत मधोमध ६, पलीकडे शून्य. तुटलेली रेघ उतरत नाही. १२, १२, १२, आणि एकदम शून्य. त्या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचा गुन्हा असतो. भिंग लावून पाहिलं तर दिसला, केसाएवढा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधे चांदीचा रंग ब्रशच्या एका केसाने भरला, वाळू दिला, पुन्हा भरला. मल्टिमीटर लावला. १२, १२, १२, जिथे तुटलं होतं तिथेही १२! मी लेकीला हाक मारणार, तेवढ्यात काटा वीतभर पुढे जाऊन पुन्हा शून्यावर पडला. 'खर्र' दोनदा झालं होतं. आणि चांदीच्या रंगाचं झाकण लेकीने मघाशी 'बघते' म्हणून उघडलं होतं, त्यामुळे बाटलीत आता रंगाऐवजी एक लहानशी नाणं-शिक्क्यासारखी चकती होती.

नेमके त्याच सकाळी मामा आले. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढे बसले, मान मागे वळवून बराच वेळ काचेकडे पाहत राहिले. काच नाही असं वाटावं इतकी ती स्वच्छ होती, मधली पट्टी सोडून.

"ही मधे पांढरी रेघ कसली रे?"

मी सांगितलं. डिफॉगर, ब्लेड, चांदी, सगळं सांगितलं. अमोनियाचंही सांगितलं. मामा ऐकत होते, मान डोलवत होते.

"फिल्म होती तेव्हा ही रेघ कधी दिसली नाही," ते म्हणाले.

हे खरंच होतं. फिल्म होती तेव्हा काहीच दिसत नव्हतं. मी गप्प राहिलो. मामांनी मग मागे हात लांबवून बाजूच्या काचेवर बोट वाजवलं. बाजूच्या काचा उभ्या असतात, त्यांना ऊन तिरकं लागतं, त्यामुळे त्यांवरची फिल्म थोडी जांभळट झाली तरी अजून सपाट होती, एकही फुगा नव्हता.

"ही बघ. एकाच दिवशी बसवलेली. ही अजून कशी आहे! ही निघणार नाही म्हणजे नाही."

मागच्या सीटवरून, अगदी बारीक, 'टर्र' असा आवाज आला.